शेअर बाजाराचे पंचांग: महिन्यांची चाल आणि आलेख तपासण्याची नवख्यांसाठी रीत

जुलै लागला की कोल्हापुरात माणूस सकाळी उठल्यावर आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. पूर आला तर जुलै-ऑगस्टमध्येच येणार, हेही पंचगंगेकाठच्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. पण म्हणून कोणी १ जुलैलाच धान्याची पोती माळ्यावर चढवत नाही. २०२१ साली जुलै संपण्याआधीच पाणी ५६ फुटांच्या वर गेले होते, २०१९ साली ऑगस्ट उजाडल्यावर ते ५५ फुटांच्या पुढे गेले, आणि एखाद्या वर्षी ते पात्राबाहेर येऊन इशारा पातळीपाशी घुटमळते व ओसरते. लक्ष कधी ठेवायचे ते महिना सांगतो, सामान कधी हलवायचे ते बंधाऱ्यावरची पट्टी सांगते. शेअर बाजारात कॅलेंडरचा उपयोग करायचा तो याच मर्यादेत, आणि पट्टीचे काम तिथे आलेख करतो.

‘एप्रिल चांगला जातो’, ‘बजेटआधी बाजार चढतो’, ‘दिवाळीच्या तोंडावर घेऊन ठेवावे’, ‘मे महिन्यात विकून मोकळे व्हावे’ ही वाक्ये शाहूपुरीतल्या चहाच्या टपरीपासून मोबाइलवरच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे ऐकू येतात. त्यांतले काही खरे असते, काही एके काळी खरे होते, आणि बरेचसे केवळ योगायोगाने खरे वाटते. हा फरक स्वतःच्या हाताने ओळखता यावा म्हणून पुढची रीत दिली आहे. तिच्यासाठी एक स्प्रेडशीट, एक वही आणि दोन-तीन मोकळे रविवार पुरतात.

आधी तक्ता

सुरुवात एखाद्या कंपनीच्या शेअरपासून न करता निर्देशांकापासून करावी. निफ्टी ५० हा पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरवरून काढला जाणारा निर्देशांक एप्रिल १९९६ मध्ये सुरू झाला आणि त्याचे जुने बंद भाव राष्ट्रीय शेअर बाजाराच्या (एनएसई) संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. स्प्रेडशीटमध्ये आडव्या ओळीत वर्ष आणि उभ्या स्तंभात महिना घ्यावा, आणि प्रत्येक चौकटीत त्या महिन्यात निर्देशांक किती टक्के बदलला ते लिहावे. गणित साधे आहे. ३१ मार्च २०२० रोजी निफ्टी ८,५९७.७५ वर बंद झाला होता आणि ३० एप्रिलला ९,८५९.९० वर. फरक १,२६२.१५ अंकांचा, त्याला आधीच्या महिन्याच्या बंद भावाने भागले की १४.६८ टक्के येतात. हा आकडा २०२० च्या ओळीत, एप्रिलच्या स्तंभात गेला. त्याच्या डावीकडच्या मार्चच्या चौकटीत उणे २३ टक्क्यांहून मोठा आकडा आहे, हे तेव्हाच नजरेत भरते. सूत्र एकदा लिहून खाली ओढले की तीनशे चौकटी पाच मिनिटांत भरतात. तरीही पहिली दहा-बारा वर्षे हाताने भरावीत असा माझा आग्रह आहे, कारण हाताने भरताना २००८ चा ऑक्टोबर डोळ्यांसमोरून जातो आणि तो जाताना थोडे थांबायला लावतो: उणे २६ टक्के.

प्रत्येक स्तंभाच्या तळाशी चार गोष्टी लिहाव्यात: तो महिना किती वेळा वाढीत संपला, सरासरी बदल किती, मध्यक (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) किती आणि सर्वांत वाईट वर्ष कोणते. त्याशिवाय तक्त्याच्या कोपऱ्यात एक आकडा हवाच: सगळ्या वर्षांचे सगळे महिने एकत्र धरले तर शेकडा किती महिने वाढीत संपले. बाजार दीर्घ मुदतीत चढत आला असल्याने हा आकडा पन्नासच्या वरच निघतो. एखादा महिना शंभरातून साठ वेळा वाढीत राहिला म्हणून तो शुभ ठरत नाही. कोणत्याही महिन्याची तितकीच शक्यता असेल, तर त्या महिन्याला स्वतःचे असे काही नाही.

सरासरीवर एकट्याने विश्वास का ठेवू नये, हे मे महिन्याच्या स्तंभात उत्तम कळते. मे २००४ मध्ये निफ्टी १,७९६.१० वरून १,४८३.६० वर आला, म्हणजे १७.४ टक्के घसरला. मे २००९ मध्ये ३,४७३.९५ वरून ४,४४८.९५ वर गेला, म्हणजे २८ टक्के वाढला. पंचवीस वर्षांचा तक्ता असेल तर एकट्या २००९ मुळे मे महिन्याच्या सरासरीत १.१ टक्क्याची भर पडते. ही दोन्ही वर्षे लोकसभा निवडणुकीची होती. १७ मे २००४ रोजी निकालांनंतरच्या घबराटीत सेन्सेक्स ११ टक्के कोसळला, तर १८ मे २००९ रोजी वरचे सर्किट (वाढीची ठरवून दिलेली मर्यादा) लागून व्यवहार थांबवावे लागले. कारण एक, महिना एक, दिशा मात्र उलट. २०२४ मध्ये मतमोजणी ४ जूनला आली आणि निफ्टी त्या एका दिवसात जवळजवळ सहा टक्के पडला. तो आकडा जूनच्या स्तंभात जाऊन बसला. मे महिन्याचा स्वभाव म्हणून आपण जे वाचत होतो, त्यातला मोठा भाग निवडणुकीचा होता.

योगायोग किती स्वस्त असतो

तक्ता तयार झाला की एखादा महिना इतका सुंदर दिसतो की हात शिवशिवतात. त्या वेळी एक हिशेब करून पाहावा. समजा बाजार म्हणजे निव्वळ नाणेफेक आहे, छापा पडला तर वाढ, काटा पडला तर घट. एखादा ठरावीक महिना पंचवीस वर्षांत सतरा किंवा त्याहून जास्त वेळा वाढीत राहण्याची शक्यता तेव्हा सुमारे ५.४ टक्के असते. शक्यता इतकी कमी असूनही तसे घडले, म्हणजे त्यात काहीतरी असणारच, असे वाटते. पण आपण एक महिना पाहत नाही, बारा पाहतो. आणि बारांपैकी निदान एक महिना असा ‘भाग्यवान’ निघण्याची शक्यता जवळजवळ ४९ टक्के होते. म्हणजे काहीही अर्थ नसलेल्या दोन तक्त्यांपैकी साधारण एका तक्त्यात एखादा शुभ महिना सापडणारच. त्यात वार, महिन्याचे पहिले चार दिवस, बजेटआधीचा आठवडा, अमावास्या-पौर्णिमा अशा आणखी पन्नास फोडी करून पाहिल्या तर दोन-तीन ‘नियम’ हाती लागल्यावाचून राहत नाहीत.

यावर उपाय एकच, आणि तो नवखा माणूस हटकून टाळतो. तक्त्याचे दोन भाग करावेत. २०१० पर्यंतची वर्षे पाहून जो काही नियम सुचेल तो वहीत तारखेसह लिहावा, आणि मगच २०११ नंतरची वर्षे उघडावीत. पुढच्या भागात नियम टिकला नाही तर तो सोडून द्यावा. त्यात ‘निवडणुकीची वर्षे वगळून’, ‘फक्त अधिक मास असताना’ अशी ठिगळे लावू नयेत.

कारण असल्याशिवाय तारीख नाही

अंबाबाईच्या मंदिरात किरणोत्सव होतो तो ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला. मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून देवीपर्यंत पोहोचतात. सूर्य दरवर्षी त्याच कोनात येतो, म्हणून ही तारीख भरवशाची. ढग किंवा वाटेतला अडथळा आला तरच किरणे पुढे सरकत नाहीत. आता गंमत अशी की २०१७ पासून केंद्रीय अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जातो. २०२० साली त्या दिवशी सेन्सेक्स ९८७ अंकांनी पडला आणि २०२१ साली २,३१४ अंकांनी चढला. किरणोत्सवाच्या मधल्या दिवशी बाजार जोरात हलतो, असा नियम कोणी कोल्हापूरकराने मांडला तर आकडे त्याच्या बाजूने उभे राहतील, आणि तरी तो चूकच असेल. २०१७ पूर्वी बजेट फेब्रुवारीच्या अखेरीस येत असे. त्या काळाच्या तक्त्यात १ फेब्रुवारी हा इतर दिवसांसारखाच एक दिवस आहे. म्हणून सापडलेल्या प्रत्येक तारखेमागे कोणाचा पैसा, कोणत्या सक्तीने, त्याच वेळी हलतो, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

परदेशातून आलेले नियम या प्रश्नापुढे बहुधा गळून पडतात. अमेरिकेतील जानेवारीच्या तेजीचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की तिथले करवर्ष डिसेंबरला संपते, त्यामुळे तोट्यातले शेअर डिसेंबरात विकले जातात आणि जानेवारीत दडपण हटते. आपले आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते; तेव्हा हेच कारण इथे लागू करायचे तर मार्च-एप्रिलकडे पाहावे लागेल, जानेवारीकडे नव्हे. मे महिन्यात विकण्याचा सल्ला लंडनच्या दलालांच्या उन्हाळी सुट्टीतून रूढ झाला. २००२ साली बाउमन आणि जेकबसन या संशोधकांनी ३७ देशांचे बाजार तपासले, तेव्हा ३६ ठिकाणी नोव्हेंबर ते एप्रिल हा अर्धा भाग मे ते ऑक्टोबरपेक्षा सरस दिसला, हे खरे आहे. पण आपल्या मे-ऑक्टोबरमध्ये मोसमी पाऊस, दोन तिमाहींचे निकाल आणि बऱ्याचदा दिवाळीही येते. आपला तक्ता आपणच भरून पाहावा, हे बरे.

इथल्या पैशाची खरी हालचाल घडवणाऱ्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात: अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण बैठका, जानेवारी-एप्रिल-जुलै-ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरू होणारे तिमाही निकाल, १५ मार्चचा अग्रिम कराचा शेवटचा हप्ता, मार्च आणि सप्टेंबरअखेर निफ्टीत होणारे फेरबदल, केरळात मान्सून पोहोचण्याची १ जून ही सर्वसाधारण तारीख. यांतल्या काही तारखा सरकार किंवा बाजार स्वतःच हलवतो, हे लक्षात असू द्यावे. निफ्टीच्या वायदा सौद्यांची एक्स्पायरी (मुदत संपण्याचा दिवस) वर्षानुवर्षे गुरुवारी होती. १ सप्टेंबर २०२५ पासून ती मंगळवारी गेली. ज्यांचे सगळे ‘गुरुवारचे गणित’ जुन्या आलेखांवर उभे होते, त्यांच्या हाती त्या दिवशी जुने कॅलेंडर उरले.

दिवाळीचे मोजमाप करताना तर इंग्रजी महिना धरूच नये. मुंबई शेअर बाजारात लक्ष्मीपूजनाचे मुहूर्ताचे सौदे १९५७ पासून होतात; मुहूर्ताचा दिवस २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला आला. ‘दिवाळीआधीचे दहा दिवस’ तपासायचे असतील तर तिथीपासून मागे मोजावे लागते, नाहीतर एका वर्षाचा दसरा दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत मिसळतो. आपल्या मार्केट यार्डात पाडव्याच्या मुहूर्तावर गुळाचे सौदे निघतात, तेव्हा पहिल्या रव्याला (ढेपेला) चढा भाव मिळतो आणि त्यावरून कोणी अख्ख्या हंगामाचा दर ठरवत नाही. मुहूर्ताच्या एका तासातील तेजीकडेही त्याच नजरेने पाहावे.

उसाचा हंगाम आणि माझी वही

आपल्या भागातल्या माणसाला सर्वांत आधी सुचतो तो साखरेचा हंगाम. मलाही तोच सुचला होता. दिवाळीनंतर रस्त्यावर उसाच्या गाड्या दिसू लागल्या की साखर कंपन्यांचे शेअर घ्यायचे आणि मार्चमध्ये विकायचे, अशी माझी समजूत होती, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये मी तसे घेतलेही. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता, ऊस कमी होता, म्हणजे साखरेला दर मिळणार, इतका माझा विचार पुढे गेला होता. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून आणि पाकापासून इथेनॉल करण्यावर त्या हंगामापुरती बंदी घातली आणि साखर कंपन्यांचे शेअर त्याच दिवशी आपटले. माझ्या वहीतल्या त्या सौद्याच्या ओळीत खरेदीची तारीख आहे, भाव आहे, कारण म्हणून ‘गळीत हंगाम’ असे लिहिलेले आहे, आणि स्टॉपलॉसचा, म्हणजे तोटा वाढू नये म्हणून ज्या भावाला विकून बाहेर पडायचे त्या भावाचा, रकाना कोरा आहे.

नंतर शांतपणे पाहिले तेव्हा कारणातली चूकही दिसली. कोल्हापूर जिल्ह्यातील बहुतेक कारखाने सहकारी आहेत. त्यांचे सभासदत्वाचे शेअर असतात, पण ते बाजारात विकले-घेतले जात नाहीत. बाजारात नोंदलेल्या मोठ्या साखर कंपन्यांपैकी बऱ्याच उत्तर प्रदेशातल्या आहेत, जिथे उसाचा दर राज्य सरकार वेगळ्या पद्धतीने ठरवते. मी खिडकीतून जो हंगाम पाहत होतो तो त्या कंपन्यांचा नव्हताच.

आता आलेख

कारणाच्या चाळणीतून उरलेली तारीख हाती आली की आलेख उघडावा. रोजच्या पाच मिनिटांच्या कँडल (तेवढ्या वेळातली भावाची चाल दाखवणाऱ्या उभ्या पट्ट्या) नवख्याने पाहू नयेत. कॅलेंडरचा सौदा काही आठवड्यांचा असतो, म्हणून आठवड्याचा आलेख घ्यावा. शेअरचा आलेख असेल तर तो बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक लहान शेअर करणे) धरून दुरुस्त केलेला आहे ना, हे आधी पाहावे. नाहीतर एकास एक बोनसच्या दिवशी भाव निम्मा झालेला दिसतो आणि तक्त्यात उणे पन्नास टक्के जाऊन बसतात.

आलेखावर दोनच गोष्टी ठेवाव्यात. पहिली, चाळीस आठवड्यांची सरासरी रेषा, जी रोजच्या आलेखावरच्या दोनशे दिवसांच्या सरासरीच्या जवळपास येते. दुसरी, मागील आठ आठवड्यांचा उच्चांक आणि मागील दोन आठवड्यांचा नीचांक दाखवणाऱ्या आडव्या रेघा. नियम असा लिहिता येईल: ठरलेल्या कालावधीत आठवड्याचा बंद भाव सरासरी रेषेच्या वर असेल आणि आठ आठवड्यांचा उच्चांक ओलांडून बंद झाला असेल, तरच खरेदी, दोन आठवड्यांच्या नीचांकाखाली स्टॉपलॉस, कालावधी संपला की नफा असो वा तोटा, विक्री. २००८ साली दिवाळी २८ ऑक्टोबरला होती. त्या आधी घ्यावे म्हणून केवळ तिथी पाहून शिरलेला माणूस महिन्याच्या २६ टक्के पडझडीत सापडला. निफ्टी मात्र तेव्हा केव्हाचाच सरासरी रेषेखाली होता आणि वरच्या नियमाने खरेदी झालीच नसती. याच नियमाने एप्रिल २०२० ची १४.६८ टक्क्यांची वाढही हातची गेली असती, कारण मार्चअखेर भाव रेषेच्या पुष्कळ खाली होता. आलेखाची अट घातली की काही चांगले सौदेही सुटतात, हे कबूल करूनच ती घालावी.

किती शेअर घ्यायचे हे स्टॉपलॉसवरून ठरते, उत्साहावरून नव्हे. भांडवल १,००,००० रुपये असेल आणि एका सौद्यात एक टक्का, म्हणजे १,००० रुपयेच गमवायची तयारी असेल, शेअर ५०० रुपयांना मिळत असेल आणि स्टॉपलॉस ४७५ वर येत असेल, तर प्रत्येक शेअरमागे जोखीम २५ रुपये. म्हणजे ४० शेअर घ्यायचे, त्याहून एकही जास्त नाही. भाव एकदम खाली उघडला तर स्टॉपलॉस ४७५ ला न लागता त्याखाली लागतो, हेही धरून चालावे.

खर्चाचा हिशेब बहुतेक जण सर्वांत शेवटी करतात. १,००,००० रुपयांचे शेअर डिलिव्हरीत, म्हणजे प्रत्यक्ष खात्यावर, घेऊन विकले तर उलाढाल कर दोन्ही वेळा ०.१ टक्का, म्हणजे साधारण २०० रुपये, आणि खरेदीवर मुद्रांक शुल्काचे १५ रुपये जातात. बारा महिन्यांच्या आत विकल्यास २३ जुलै २०२४ पासून नफ्यावर २० टक्के कर आणि त्यावर उपकर आहे, आणि उलाढाल कर त्या नफ्यातून वजा मिळत नाही. एखाद्या महिन्याची सरासरी चाल एक टक्का असेल तर १,००० रुपयांतून हातात ५८० च्या आसपास उरतात, दलाली आणि डीमॅट शुल्क त्यातूनच जायचे. तक्त्यात सुबक दिसणारे अनेक नियम इथेच संपतात.

ही चाल लहान आहे म्हणून ती वायदे आणि ऑप्शनमध्ये (थोड्या रकमेवर मोठे सौदे करण्याच्या प्रकारांत) घेऊन मोठी करावी, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या बाजारातील वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. पहिली दोन वर्षे तिकडे फिरकू नये, हे मी कोणतीही पळवाट न ठेवता सांगतो. हंगामी आलेख दाखवून ‘महिन्याला इतके टक्के नक्की’ म्हणणाऱ्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा. क्रमांक खरा असला तरी ‘नक्की’ म्हणण्याचा अधिकार त्याला मिळत नाही.

खरे पैसे घालण्यापूर्वी एक पूर्ण वर्ष कागदावर सौदे करावेत. एका नियमाचा वर्षात एकच सौदा होतो, त्यामुळे तीन-चार वेगवेगळे नियम एकाच वेळी चालवावेत, म्हणजे वर्षाअखेर पाहण्यासारखे काहीतरी हाती राहते. वहीत प्रत्येक सौद्याला सात रकाने असावेत: नियम, कारण, खरेदीची तारीख व भाव, स्टॉपलॉस, विक्रीची तारीख व भाव, खर्च, आणि नियम पाळला की नाही. शेवटच्या रकान्यात फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहायचे. स्टॉपलॉसचा रकाना भरल्याशिवाय खरेदीचा रकाना भरायचा नाही. सुरुवात आर्थिक वर्षाबरोबर, १ एप्रिलला करणे सोयीचे पडते. त्यामुळे करविवरणाच्या वेळी वहीतले आकडे आणि दलालाच्या खातेउताऱ्यातले आकडे एकाच वर्षाचे राहतात.